बी विकली, साल फेकली!

"आम के आम, गुठलियों के दाम" ही म्हण आपल्या घरांत लहान मुलांनाही पाठ असते. परंतु बाजारात तिच्यावर अमल करणारे किती, हा प्रश्न वेगळा आहे. आंबा विकणारे शेकडो भेटतील, कोयीचे दाम करणारा हजारात एखादा भेटेल. वास्तविक पाहता ज्या मालाला सगळेच हात घालतात तिथे नफ्याचा टक्का रोज घटत असतो, आणि ज्याला कोणी हात लावत नाही तिथे हुनर असलेल्या माणसाला जागा मोकळी असते.

मी कापडाच्या व्यापारातला माणूस आहे. त्यामुळे पहिला दाखला कापसाचाच देतो. एके काळी कापूस वेचला, जिनमध्ये पिंजला, की सरकी हे एक ओझे समजले जाई. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जिनच्या आजूबाजूला सरकीचे ढीग कुजत पडत आणि ते नदीनाल्यात लोटले जात. आज काय स्थिती आहे? सरकीचे तेल स्वयंपाकघरात जाते, पेंड म्हशीच्या गव्हाणीत जाते, टरफल जळणाला जाते, आणि सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू, ज्यांना लिंटर म्हणतात, त्यांच्यापासून कागद आणि धागा बनतो. ज्या बेंबर्गच्या मऊसूत कापडाला आपल्या दुकानांत गिऱ्हाईक हात लावताच भाव विचारते, ते कापड याच लिंटरपासून तयार होते. म्हणजे कालचा कचरा आज रुईच्या बरोबरीने जिनवाल्याचे घर चालवतो.

आज कॉफीची अवस्था कापसाच्या त्या जुन्या दिवसांसारखी आहे. सारे जग फक्त बी विकत घेते. बाकीचे झाड, त्याची साल, पान, लाकूड, पापुद्रा आणि शेवटी कपातून गाळून उरलेला चोथा, यांची कोणी किंमत करत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र काही देशांतील लोकांनी या नाकदर मालाकडे पाहायला सुरुवात केली आहे. दार नुकतेच उघडते आहे. अशा वेळी आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी हा विषय समजून घ्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

शंभर किलोत वीस किलो

प्रथम मालाचा हिशेब पाहू. कॉफीचे फळ लाल बोरासारखे दिसते. वरून साल आणि गर, त्याखाली चिकट थर, त्याखाली कडक पांढरट कवच, ज्याला व्यापारात पार्चमेंट म्हणतात, त्याखाली चंदेरी पातळ पापुद्रा आणि अगदी आत दोन बिया. शंभर किलो पिकलेली फळे तोडली तर विकण्याजोगी कच्ची बी सुमारे अठरा ते वीस किलो हाती येते. ओली साल आणि गर यांचेच वजन चाळीस किलोच्या आसपास भरते. उरलेले पाणी, चिकट थर आणि कवच.

एवढ्यावर हिशेब संपत नाही. ती वीस किलो बी भाजून, दळून, गाळून आपण पितो, तेव्हा पूड केलेल्या कॉफीचा साधारण पाचवा हिस्साच पाण्यात उतरतो. चार हिस्से गाळ म्हणून मोरीत किंवा कचऱ्याच्या डब्यात जातात. आता सांगा, ज्या धंद्यात शंभरातले तीन-चार किलोच गिऱ्हाईकाच्या पोटात जातात आणि बाकी सारे फेकले जाते, त्या धंद्याला कापडवाला काय म्हणेल? ताग्यातून एक रुमाल कापून बाकी कापड गटारात टाकण्यासारखेच हे झाले. आपल्या दीनने याला इस्राफ म्हटले आहे आणि बाजाराच्या भाषेत त्याला नुकसान म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ फारसा वेगळा नाही.

जगात वर्षाला सुमारे एक कोटी टन कॉफीची बी पिकते. भारतात साडेतीन लाख टनांच्या आसपास. त्यापैकी सर्वांत मोठा हिस्सा, सुमारे सत्तर टक्के, कर्नाटकातील कोडगू, चिकमगळूर आणि हासन या जिल्ह्यांत होतो. त्यानंतर केरळातील वायनाड आणि तमिळनाडूचे डोंगर. आंध्रात अरकूचा भाग आहे. आपल्या महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळापासून थोडीफार कॉफी होते. पण मालाचे खरे आगर आपल्या शेजारच्या कर्नाटकात आहे. कोल्हापूर-सोलापूरकडील व्यापाऱ्याला ते परके नाही.

आपल्याकडे कॉफी दोन तऱ्हेने तयार होते. एक, पाण्यात धुऊन. यात साल ताजी असतानाच यंत्राने उतरते. दुसरी, फळे अख्खी उन्हात वाळवून. हिला बाजारात 'चेरी' म्हणतात. वाळलेल्या फळाची साल क्युअरिंगच्या कारखान्यात निघते आणि वजनात ती जवळपास बीच्या बरोबरीने भरते. म्हणजे एका टनाला एक टन. ही साल आज बहुतांशी खतात किंवा भट्टीत जाते. काही वाईट नाही, परंतु व्यापाऱ्याने हे विचारलेच पाहिजे की भट्टीपेक्षा जास्त दाम देणारा कोणी आहे काय?

किश्र : आपल्याच घरातली जुनी गोष्ट

या प्रश्नाचे उत्तर येमेनने कित्येक शतकांपूर्वी दिलेले आहे. कॉफी पिण्याची रीत जगाला दिली ती येमेनच्या सूफींनी, पंधराव्या शतकात, रात्रीच्या जिक्रमध्ये जागे राहण्यासाठी. हिंदुस्थानात कॉफीचे बी आणले तेही एका सूफी बुजुर्गाने. हजरत बाबा बुढन यांनी सतराव्या शतकात, परंपरेनुसार १६७० च्या सुमारास, हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या असे सांगितले जाते. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

बी इकडे आले, पण येमेनची एक चाल मात्र इकडे आली नाही. येमेनमध्ये शेतकरी फळ घराच्या छतावर वाळवतो, साल वेगळी करतो, चांगली बी परदेशी व्यापाऱ्याला विकतो आणि सालीचे पेय स्वतः पितो. साल पाण्यात उकळायची, आले घालायचे, कोणी दालचिनी घालते, साखर घालते. याला 'किश्र' म्हणतात. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. किश्र म्हणजे साल. चवीला ते कॉफीसारखे कडू नसते, वाळलेल्या फळाचा गोडसर आंबूसपणा त्यात असतो. येमेनात आणि सौदी अरबच्या दक्षिण भागात हे रोजचे पेय आहे.

आता पुढची गंमत पाहा. हीच साल मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर देशातील मळेवाल्यांनी या शतकाच्या सुरुवातीस स्वच्छ वाळवून, चांगल्या पाकिटात भरून, युरोप-अमेरिकेत विकायला काढली. नाव ठेवले 'कास्कारा'. हा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ? साल! उंची कॉफीच्या दुकानांतून ती चांगल्या बीच्या बरोबरीच्या दरानेही विकली गेली. २०१७ साली स्टारबक्स या अमेरिकन कंपनीने कास्काराच्या नावाचे पेय आपल्या दुकानांत आणले. २०२२ साली युरोपीय संघाने वाळलेल्या कॉफीफळाच्या सालीला खाद्यपदार्थ म्हणून रीतसर मान्यता दिली. या मान्यतेत येमेनसारख्या देशांतील जुन्या वापराचाच दाखला कामी आला.

एकच माल. अरबी नावाने तो गरिबाचे पेय राहिला, स्पॅनिश नावाने श्रीमंताच्या टेबलावर पोहोचला. फरक कुठे पडला? तोड करताना पिकलेले फळच घेणे, त्याच दिवशी साल वेगळी करणे, बुरशी येऊ न देता वाळवणे, निवड करणे आणि पाकिटावर गावाचे नाव छापणे, एवढ्याच बाबतीत. यातील एकही गोष्ट अशी नाही की जी आपल्याला जमणार नाही. कोकणातील आपल्या हजारो बांधवांनी आखाती देशांत आयुष्य घालवले आहे. तिथल्या गिऱ्हाईकाची पसंत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक आहे?

पान, लाकूड आणि फूल

सालीनंतर पानाचा विचार करू. इथिओपियात हरार भागात कॉफीच्या पानांचा काढा पितात, त्याला 'कुती' म्हणतात. पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाऊ मुसलमान 'कावा दाऊन' पितात. दाऊन म्हणजे पान, आणि कावा हा आपल्या ओळखीचा कहवाच. एकोणिसाव्या शतकात डच राज्यकर्त्यांनी तिथल्या शेतकऱ्यांकडून सक्तीने कॉफी पिकवून घेतली. बी सरकारी कोठारात जाई. शेतकऱ्याने पाने आगीवर धुरवून त्याचे पेय केले, नारळाच्या करवंटीत ओतून प्याले. आज तेच पेय तिथली खासियत म्हणून पाहुण्यांना दिले जाते. युरोपीय संघाने कॉफीच्या पानांच्या पेयाला २०२० साली परवानगी दिली. आपल्याकडे तोडणी संपल्यावर दरवर्षी झाडांची छाटणी होते आणि पाने जमिनीवर पडून राहतात. पानांच्या बाबतीत मी घाई करण्याच्या मताचा नाही, कारण ती जमिनीला खत म्हणून लागतात. परंतु काही हिस्सा काढता येण्याजोगा आहे.

फुलांचा मोसम मार्च-एप्रिलच्या सरींनंतर येतो आणि मळे पांढरेशुभ्र होतात. कोडगूचा मध त्यामुळेच नावाजलेला आहे. तो धंदा जुना आहे, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

लाकडाविषयी मात्र आपल्या कारागिरांनी कान द्यावा. कॉफीचे झाड मोठे नसते, पण लाकूड घट्ट, बारीक पोताचे आणि जड असते. चिकमगळूर-कोडगू भागात जुन्या झाडांची वेडीवाकडी खोडे साफ करून, त्यांवर काच ठेवून टीपॉय बनवतात, दिव्यांचे स्टँड बनवतात. म्हाताऱ्या झाडांच्या जागी नवी लागवड करताना खोडे निघतात. शिवाय अरेबिका जातीच्या कॉफीला खोड पोखरणारी अळी लागते. असे झाड मुळासकट उपटून जाळण्याशिवाय मळेवाल्याला इलाज नसतो, नाही तर रोग पसरतो. चांगली खोडे निवडून, तिथेच वाळवून, तिथेच कापून, लेथवर उतरवली तर काय काय होऊ शकेल? चाकू-सुरीच्या मुठी, काठ्या, शर्ट-कुर्त्याची बटणे, तस्बीहचे मणी. हे छोट्या लाकडाचे काम आहे आणि त्याला मोठे खोड लागतच नाही. कातारी कारागीर आज प्लास्टिकपुढे हात टेकून बसले आहेत. त्यांना लाकूड हवे आहे, मळेवाल्याला खोडे नकोशी झाली आहेत. दोघांची गाठ घालून देणारा व्यापारी तेवढा मध्ये नाही. एक खबरदारी घ्यावी : अळी लागलेले लाकूड बिना-प्रक्रिया मळ्याबाहेर काढू नये. ते मळेवाल्याच्या आणि शेजाऱ्याच्या नुकसानीचे आहे.

रंगाटी आणि कापडवाल्यांसाठी

कॉफीच्या सालीत आणि गाळात टॅनिन असते. रंगाऱ्याला टॅनिन म्हणजे काय हे सांगायला नको. कच्छचे आपले खत्री बांधव अजरख छापताना कापडाला आधी हिरड्याचे पाणी देतात, डाळिंबाची साल उकळून पिवळा रंग काढतात, लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून काळा रंग करतात. डाळिंबाची साल हाही एक फेकलेला मालच होता. कॉफीची साल त्याच बिरादरीतली आहे. हिरडा आणि तुरटी दिलेल्या सुती कापडावर तिच्यापासून बदामी, खाकी, फिकट तपकिरी छटा निघतात. लोखंडाचे पाणी दिले तर करड्याकडे झुकतात. भडक रंग यातून मिळणार नाही, आणि प्रत्येक घाणीला छटा थोडी बदलेल. पण नैसर्गिक रंगाच्या कापडाचे गिऱ्हाईक हाच फरक पाहून माल घेते. धुण्यात आणि उन्हात रंग किती टिकतो याची चाचणी स्वतः करून, जे खरे असेल तेच गिऱ्हाईकाला सांगावे. एकदा रंग उतरला की गिऱ्हाईकही उतरते.

दुसरी गोष्ट धाग्याची. तैवानमधील सिंगटेक्स या कंपनीने २००९ साली कॉफीचा गाळ पॉलिएस्टरमध्ये मिसळून धागा बाजारात आणला. गाळातील तेल काढून घेतात, उरलेली भुकटी अतिशय बारीक करतात आणि धाग्यात मिसळतात. अशा कापडाला घामाचा वास कमी येतो आणि ते लवकर वाळते, म्हणून खेळाडूंच्या कपड्यांसाठी त्याला मागणी मिळाली. असा धागा तयार करणे भिवंडी-मालेगावच्या मागवाल्याच्या आवाक्यातले काम नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्यासाठी मोठे भांडवल आणि मोठी यंत्रे लागतात. परंतु धागा विकत घेऊन कापड विणणे आपल्या हातात आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वर्षानुवर्षे तेच पाच-सहा प्रकारचे ग्रे कापड विणून आपण दराच्या भांडणात एकमेकांना खाली खेचत आहोत. तैवानच्या माणसाने कचऱ्यातून नवी किस्म काढली आणि आपला दर स्वतः ठरवला. हा धडा धाग्यापेक्षा मोलाचा आहे.

गाळाचे आणखी उपयोग चालू आहेत. बर्लिनमध्ये गाळापासून कप-बशा बनतात. अमेरिकेत फोर्ड मोटार कंपनीने २०१९ साली मॅकडोनाल्डच्या कॉफीचा भाजताना उडणारा चंदेरी पापुद्रा प्लास्टिकमध्ये मिसळून मोटारीच्या दिव्याचे आवरण बनवण्याचे जाहीर केले. ते आवरण नेहमीपेक्षा हलके होते. ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली दाखवले की गाळ हवेशिवाय ३५० अंश तापमानात भाजून, काँक्रीटमधील १५ टक्के वाळूच्या जागी घातला तर काँक्रीटची ताकद सुमारे ३० टक्के वाढते. ही सर्व मोठ्या लोकांची कामे आहेत. छोट्या माणसासाठी याच गाळावर धिंगरी अळंबी वाढवता येते आणि उरलेल्याचे खत होते. एका खोलीत चालणारा हा धंदा आहे.

आपली जागा कोणती?

आता मुद्द्यावर येतो. कचऱ्याचा व्यापार आपल्याला नवा नाही. मुंबईत कुर्ला आणि धारावीत भंगार वेचणारे, चिंध्या निवडणारे, गोण्या आणि डबे धुऊन विकणारे बहुसंख्य कोण आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. पॉवरलूमच्या गावांत धाग्याचा वेस्ट आणि कातरण गोळा करून किती घरांची चूल पेटते, हे मी रोज पाहतो. निवडण्याची नजर, गोळा करण्याची साखळी, उधारी सांभाळण्याची रीत, हे सर्व आपल्याकडे आहे. मग नफा का नाही?

कारण आपण माल न निवडता वजनावर विकतो. मिश्र कातरण गोणीत भरले, काट्यावर टाकले, रोख घेतली, हिशेब मिटला. ती गोणी पुढे पानिपतला जाते, तिथे रंगावार आणि पोतावार निवडली जाते, पुन्हा सूत होते, चादर आणि सतरंजी होऊन आपल्याच बाजारात परत येते. मेहनत पहिल्या माणसाची, दाम शेवटच्या माणसाचे. जो नाव देतो आणि निवड करतो तो कमावतो. जो नुसता वाहतो तो हमाल राहतो. कॉफीच्या बाबतीतही हेच घडणार आहे. उद्या एखादी मोठी कंपनी सालीला नाव देईल, पाकीट देईल, आणि आपली मुले त्या कंपनीच्या गोण्या वाहतील. अजून तसे झालेले नाही. म्हणून आजच बोलण्याची गरज आहे.

खबरदारीचे चार शब्द

या धंद्याबद्दल गुलाबी चित्र रंगवणे हा वाचकांशी धोका ठरेल. म्हणून दुसरी बाजूही मांडतो.

पहिली गोष्ट, साल ताबडतोब आंबते. ओली साल एक रात्र ढिगात राहिली की वास सुटतो, बुरशी येते. बुरशीचे एक विष, ज्याला ओक्राटॉक्सिन म्हणतात, खाण्याच्या मालात अजिबात चालत नाही, आणि ते सालीत बीपेक्षा अधिक साठते. जमिनीवर पसरून वाळवलेली, भट्टीसाठी ठेवलेली साल पिण्यासाठी विकणे हा सरळ गुन्हा समजावा. पिण्याची साल वेगळी, रंगाची वेगळी, खताची वेगळी. तसेच मळ्यात कोणती फवारणी झाली हे विचारल्याशिवाय पिण्याचा माल घेऊ नये, कारण औषध सालीवरच बसते. प्रयोगशाळेचा दाखला आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना आधी, गिऱ्हाईक नंतर.

दुसरी गोष्ट भाड्याची. वाळलेली साल हलकी आणि फुगीर असते. ट्रक भरतो, वजन भरत नाही. चिकमगळूरहून साल आणून मालेगावात धंदा करू म्हणणारा माणूस नफा ट्रकवाल्याला देऊन बसेल. काम तिथेच, मळ्याच्या पायथ्याशी झाले पाहिजे आणि तयार माल तेवढा हलवला पाहिजे.

तिसरी, गोळा करण्याचा खर्च. लंडनमध्ये बायो-बीन नावाची कंपनी २०१३ साली सुरू झाली. हजारो टन गाळ गोळा करून ती शेगडीत जाळायचे ठोकळे बनवी. वर्तमानपत्रांनी तिची भरपूर वाहवा केली. २०२३ साली ती बंद पडली. गाळ फुकट मिळतो. तो उचलणे, वाळवणे आणि साठवणे फुकट होत नाही. ओला गाळ दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. शिवाय आपल्याकडच्या फिल्टर कॉफीत चिकोरी मिसळलेली असते, त्यामुळे हॉटेलातला गाळ आणि मुंबई-पुण्याच्या नव्या कॉफीगृहातील निव्वळ कॉफीचा गाळ एकत्र करू नये. ज्याची सायकल किंवा टेम्पो रोज त्याच गल्लीतून भंगारासाठी फिरतो, त्यालाच हे काम परवडेल. वेगळी गाडी लावली की धंदा बुडाला.

चौथी गोष्ट जमिनीच्या हक्काची. साल कुजून मळ्यात परत जाते तेव्हा झाडालाच अन्न मिळते. सगळीच साल उचलली तर मळेवाल्याला बाहेरून खत विकत घ्यावे लागेल. म्हणून दराची बोलणी करताना भट्टीचा दर नव्हे, तर खताची किंमत धरावी. आणि पिकलेलेच फळ वेगळे तोडायला सांगितले तर तोडणाऱ्या मजुराची मजुरीही वाढवून द्यावी. ज्याच्या हाताने मालाला दर्जा येतो त्याच्या घामाचा मोबदला बुडवून मिळवलेल्या पैशात बरकत नसते.

काय करता येईल?

१९९६ पासून कॉफीचा मळेवाला आपला सगळा माल खुल्या बाजारात विकू शकतो. त्याआधी तो बोर्डाकडे द्यावा लागे. त्यामुळे आज कोणीही थेट मळ्यावर जाऊन बोलू शकतो. कॉफी बोर्डाचे कार्यालय बंगळूरला आहे आणि त्याचे संशोधन केंद्र चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला आहे. तिथल्या तज्ज्ञांकडून सल्ला घेण्यात कमीपणा नाही. अरेबिकाची तोडणी नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत आणि रोबस्टाची त्यानंतर फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. पाहायला जायचे तर याच दिवसांत जावे.

माझी सूचना अशी आहे की एकट्याने भांडवल अडकवू नये. चार-पाच जणांनी शिरकत करावी : एक रंगारी, एक कातारी, एक किराणा किंवा सुक्या मेव्याचा व्यापारी, एक निर्यातीचे कागद समजणारा, आणि एक कर्नाटकातला स्थानिक भागीदार. पहिल्या मोसमात धंदा नव्हे, फक्त नमुने करावेत. दहा किलो सालीचे किश्र, वीस मीटर रंगवलेले कापड, शंभर बटणे. नमुना हातात घेऊन बाजार फिरावा. गिऱ्हाईक काय म्हणते ते लिहून ठेवावे. दुसऱ्या मोसमात ज्याला मागणी आहे तेवढेच वाढवावे. भागीदारीचे कागद पहिल्या दिवशी लिहावेत. दोस्तीतला तोंडी हिशेब आपल्या कित्येक पेढ्यांना महागात पडलेला आहे.

आपल्या मोठ्या व्यापारी संघटनांनीही याकडे लक्ष द्यावे. इफ्तारच्या दावती आणि सत्कार-समारंभ यांवर होणाऱ्या खर्चातील थोडा हिस्सा जर तरुण कारागिरांना मळे दाखवण्यासाठी, प्रयोगशाळेच्या चाचण्यांसाठी खर्च झाला, तर त्याचे फळ जास्त दिवस टिकेल. उर्दू शाळांतून दहावी झालेला मुलगा आज एक तर लूमवर बसतो किंवा मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवर. त्याला शास्त्राचे पुस्तक आणि बाजाराचा काटा यांचा संबंध जोडून देणारे कोणी नाही. टॅनिन म्हणजे काय हे तो शाळेत वाचतो, आणि त्याचा बाप घरी तेच टॅनिन कापडाला लावतो, पण दोघांची भेट होत नाही.

व्यापारी बंधूंनो, येमेनच्या गरीब शेतकऱ्याने सालीची कदर केली, कारण बी त्याच्या हाती राहत नव्हती. सुमात्राच्या शेतकऱ्याने पान उकळले, कारण फळ दुसऱ्याच्या कोठारात जात होते. आपलीही स्थिती फार निराळी नाही. मुख्य माल मोठ्या भांडवलाच्या हातात आहे आणि तो आपल्याकडे येण्याची चिन्हे नाहीत. जो माल बाजूला पडलेला आहे तो अजून कोणाच्या मालकीचा झालेला नाही. तो निवडून, वाळवून, नाव देऊन बाजारात आणण्याचे काम येत्या दोन-चार मोसमांत कोणीतरी करणारच आहे. ते आपण करावे, अन्यथा नंतर दुसऱ्याच्या पाकिटाचे दाम विचारत बसावे लागेल.